उत्तर कोणाचे?

बी.एड.ला असताना सूक्ष्म अध्यापनात आम्हांला 'प्रश्न कौशल्य' शिकवले गेले. प्रश्न छोटा असावा, एका वेळी एकच विचारावा, 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागेल असा प्रश्न शक्यतो टाळावा, विचारल्यावर उत्तर येईपर्यंत शिक्षकाने थांबावे. हे सर्व उपयोगाचे होते आणि वर्गात आजही उपयोगी पडते. परंतु ज्याला उत्तर आधीपासून माहीत असते, अशा माणसाचे ते प्रश्न होते. ज्याचे खरोखरच अडले आहे त्याने दुसऱ्याला कसे विचारावे, आणि उत्तर मिळाल्यावर त्या उत्तराचे काय करावे, हे आम्हांला कोणी शिकवले नाही. बहुधा त्यात शिकवण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेच नसावे.

आम्हांला मात्र अलीकडे हा प्रश्न छळू लागला आहे. आपण कोणाला काही विचारतो. तो आपल्याला सांगतो. ते आपण आपल्या लेखात वापरतो. मग ते ज्ञान कोणाचे? ते आपल्याला मिळालेले दान आहे, घेतलेले कर्ज आहे, की आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे? दान असेल तर देणाऱ्याचा त्यावर काही हक्क उरत नाही. कर्ज असेल तर फेडले की सुटलो. अमानत असेल तर गोष्ट अवघड होते.

हा विचार करताना आम्हांला एक उदाहरण फार बोलके वाटते. ते आपल्या देशातले नाही, पण विचारणे आणि सांगणे या दोन क्रिया तिथे इतक्या उघडपणे घडल्या की त्या तपासून पाहता येतात.

1987 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात, कोलंबिया येथे, संगणक आणि मानव्यविद्या या विषयावर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भाषा, साहित्य, इतिहास, धर्मग्रंथ अशा विषयांत संगणक वापरणारे, किंवा इतरांना तो वापरायला मदत करणारे लोक तिथे जमले होते. त्यांतल्या कित्येकांची तक्रार सारखीच होती. आपापल्या विद्यापीठात ते एकटे पडलेले असत. साहित्य विभागाला ते यंत्रवाले वाटत आणि यंत्रवाल्यांना ते साहित्यवाले वाटत. कामाला म्हणावा तसा मान नाही, आणि काही अडले तर विचारायला शेजारच्या खोलीत कोणी नाही. या तक्रारीतूनच पुढच्या महिन्यात, मे 1987 मध्ये, कॅनडातील टोरांटो विद्यापीठात विलार्ड मॅकार्टी यांनी ई-मेलवर चालणारे एक चर्चामंडळ सुरू केले. त्याचे नाव 'ह्युमॅनिस्ट'.

त्या काळी आजच्यासारखे इंटरनेट घरोघरी नव्हते. 'बिटनेट' नावाचे विद्यापीठांचे एक जाळे होते. 1981 साली न्यूयॉर्कचे सिटी विद्यापीठ आणि येल विद्यापीठ यांचे संगणक जोडून ते सुरू झाले होते आणि हळूहळू पसरत गेले होते. एका विद्यापीठाच्या संगणकावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, असा निरोप टप्प्याटप्प्याने पुढे सरके. जुन्या डाकचौक्यांवर घोडे बदलत खलिता पुढे जाई तसा. एकाने लिहिलेले पत्र सर्व सदस्यांना आपोआप वाटणारा प्रोग्राम 1986 मध्ये तयार झाला होता, त्यामुळे एक प्रश्न एकदाच लिहिला की तो अनेक देशांतल्या लोकांसमोर जाऊन पडे.

प्रश्न कसले असत? अमुक वचन मूळ कोणाचे, कोणाला माहीत आहे का? अमुक ग्रंथाचा संगणकात उतरवलेला मजकूर कोणाकडे आहे का? ग्रीक अक्षरे कागदावर कशी छापावीत? शब्द मोजण्यासाठी कोणता प्रोग्राम बरा? आज हे प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटतील. पण त्यामागची मेहनत ध्यानात घ्यावी लागेल. इटलीतील पाद्री रोबेर्तो बूसा यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस सेंट थॉमस अक्विनास यांच्या लेखनाची शब्दसूची यंत्राच्या मदतीने करायला घेतली; 56 खंडांचे ते काम पूर्ण व्हायला सुमारे तीस वर्षे लागली. एखादा ग्रंथ संगणकात उतरवायचा म्हणजे महिनोन्‌महिने टंकन करायचे. ते कोणी आधीच करून ठेवले असेल, तर ते कळणे म्हणजे आयुष्यातले एक वर्ष परत मिळण्यासारखे होते.

या जाळ्याची एक मर्यादा आमच्यासारख्या उर्दू माध्यमाच्या माणसाला चटकन जाणवते. ही पत्रे साध्या रोमन अक्षरांतच लिहावी लागत. अलिफ-बेला तिथे जागा नव्हती, देवनागरीलाही नव्हती. 1990 साली ब्रिटनमधून भारतविद्येच्या अभ्यासकांचे असेच एक मंडळ सुरू झाले. तिथे संस्कृत श्लोकाविषयी विचारायचे तर लहान-मोठी रोमन अक्षरे वापरून तो लिहावा लागे. मोठा 'ए' म्हणजे 'आ', लहान 'ए' म्हणजे 'अ', अशी ती तऱ्हा. ज्या लिपीत प्रश्न उभा राहिला, ती लिपी बाहेर ठेवूनच प्रश्न विचारायचा! तरी लोक विचारत.

आणि हीच गोष्ट आम्हांला पहिल्यांदा थक्क करते. या मंडळांतली बरीच जुनी पत्रे जपून ठेवलेली आहेत, आजही वाचता येतात. पन्नाशी ओलांडलेला प्राध्यापक, नावावर पुस्तके असलेला, शेकडो लोकांसमोर लिहितो की हे मला माहीत नाही, कोणी सांगाल का? आपल्याकडच्या किती सभांत हे घडते? आपल्या परिसंवादात 'प्रश्नोत्तरे' असे जे सत्र असते त्यात प्रश्न विचारणारा उठतो आणि दहा मिनिटे स्वतःच भाषण करून खाली बसतो. शरम आणि गर्व, या दोघांना आपल्या जुन्या आलिमांनी इल्मच्या वाटेतले अडसर मानले आहे. शरमेवर बोलायला आपल्याला आवडते, मुलींच्या शिक्षणाच्या संदर्भात तर फारच. गर्वावर तेवढे बोलत नाही. न जाणणाऱ्याने जाणत्यांना विचारावे ही कुरआनची शिकवण आपण मुलांना सांगतो, आणि स्वतः मात्र ज्याला आपण कमी शिकलेला समजतो त्याला विचारायला कचरतो.

'ह्युमॅनिस्ट'चा आणखी एक रिवाज होता. मंडळात येणाऱ्याने प्रथम स्वतःविषयी थोडे लिहून पाठवायचे: आपण कोण, कुठे काम करतो, कशाचा अभ्यास आहे. ही आत्मवृत्ते सर्व सदस्यांमध्ये वाटली जात. म्हणजे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही एकमेकांना निदान कागदावर तरी ओळखत. हे वाचल्यावर आम्हांला साहजिकच 'अस्मा-उर-रिजाल' आठवले. हदीस सांगणारा माणूस कोण, कुठला, कोणाला भेटला, स्मरणशक्ती कशी, व्यवहारात कसा, याची नोंद ठेवण्यासाठी मुसलमान विद्वानांनी एक अख्खे शास्त्र उभे केले. सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्यापासून वेगळी करून तोलता येत नाही, असा त्यामागचा विश्वास होता. टोरांटोच्या लोकांनी हे कुठून घेतले नसावे. अनोळखी माणसाच्या शब्दावर काम करायचे तर तो कोण हे कळायला हवे, ही गरजच तशी आहे.

आता अवघड भागाकडे वळू. ई-मेलने विचारणे स्वस्त केले. अभ्यासकाच्या खिशातून निरोपागणिक पैसा जात नव्हता. तारांचे भाडे विद्यापीठ भरे. पूर्वी विचारण्याला किंमत होती. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असेल. प्रेषितांकडून (स.) थेट ऐकलेली एक हदीस शाममध्ये राहणाऱ्या अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांच्याकडे आहे असे त्यांना कळले. त्यांनी उंट खरेदी केला, महिनाभर प्रवास केला आणि ती एक हदीस ऐकून आले. अकराव्या शतकात खतीब बगदादी यांनी अशा प्रवासांवर एक स्वतंत्र किताबच लिहिली.

या गोष्टीचा उपयोग बहुतेक वेळा हल्लीच्या मुलांना लाजवण्यासाठी केला जातो: पाहा, ते महिनाभर चालले आणि तुम्हांला एक बटण दाबायचा कंटाळा. आम्हांला हा युक्तिवाद कधीच पटला नाही. उंटावरचे कष्ट हे स्वतःच पुण्य असते, तर विमानाने हजला जाणाऱ्यांचे काय करायचे? कष्ट वाचले तर बरेच झाले. गोष्टीतला आमच्या मते महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. जाबिर (रजि.) निघाले तेव्हा ते रिकाम्या हाताने निघाले नव्हते. अशी हदीस आहे आणि ती कोणाकडे आहे, एवढे त्यांना ठाऊक होते. जिथपर्यंत स्वतः जाता येत होते तिथपर्यंत ते पोचले होते, आणि उरलेल्या एका पावलासाठी त्यांनी उंट घेतला.

विचारण्याची नैतिक पात्रता इथे असावी. या मंडळांत काही विद्यार्थी शब्दकोशात दोन मिनिटांत सापडेल असे काही विचारत, आणि जुने सदस्य चिडत. ते चिडणे आम्हांला शिक्षक म्हणून समजते. गृहपाठ दुसऱ्याच्या वहीतून उतरवणारा मुलगा आपण रोज पाहतो. उलट 'मी अमुक कोश पाहिला, अमुक सूची पाहिली, तिथे नाही' असे लिहून विचारणाऱ्याला लोक भरभरून सांगत. विचारणाऱ्याने आपली अर्धी वाट दाखवली की सांगणाऱ्याला उरलेली अर्धी दाखवावीशी वाटते. हा माणसाचा स्वभाव आहे; आमच्या वर्गातल्या सहावीच्या मुलांचाही तोच आहे.

आता उत्तर मिळाले. पुढे?

इथे एक सुंदर रिवाज सांगितला पाहिजे. 1990 साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठातून भाषाशास्त्रज्ञांसाठी 'लिंग्विस्ट' नावाचे असेच मंडळ सुरू झाले. तिथे प्रश्न विचारणाऱ्याकडून अशी अपेक्षा असे की उत्तरे त्याने खाजगीत घ्यावीत, म्हणजे सर्वांच्या डोक्यावर पत्रांचा पाऊस पडणार नाही. आणि मग आलेल्या उत्तरांचा सारांश करून तो सर्वांसाठी पाठवावा. असे सारांश वाचताना मजा येते. सुरुवातीला बहुधा नावांची यादी असते: यांनी यांनी उत्तर दिले, त्यांचे आभार. मग कोणी काय सांगितले, कुठे मतभेद झाला. विचारणाऱ्याने एकट्याने घेतलेले सर्वांना परत केले, आणि घेताना कोणाकोणाच्या हातून घेतले हेही सांगितले.

पण सारांश पाठवणे ही अपेक्षाच होती, तिला सक्ती नव्हती. सगळेच तो पाठवत नसत. उत्तरे खाजगीत गेली, सारांश आला नाही, दोन वर्षांनी कुठेतरी लेख छापून आला. त्यात तळटीप आहे, अमुक ग्रंथ, अमुक पान. त्या पानापर्यंत कोणी नेले ते नाही.

यात चूक काय, असे कोणी विचारील, आणि ते विचारणे योग्य आहे. एखाद्या सहकाऱ्याने आपल्याला कळवले की तुम्ही शोधता ते वचन अमुक ग्रंथाच्या अमुक पानावर आहे. आपण ग्रंथालयात गेलो, ग्रंथ उघडला, पान काढले, स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. आता तळटिपेत तो ग्रंथ लिहिला, तर त्यात खोटे एक अक्षरही नाही. वाचकाला पुरावा हवा, तो ग्रंथात आहे. सहकाऱ्याचे नाव पुराव्यात काय भर घालते? काही नाही. मग ते का द्यायचे?

आधुनिक संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत या प्रश्नाला 'सौजन्य' या शब्दापलीकडे फारसे उत्तर आम्हांला सापडले नाही. सौजन्य म्हणजे केले तर चांगले, नाही केले तर चालते. पण हदीसशास्त्रात यासाठी एक नाव आहे: तदलीस. ज्या माणसाकडून प्रत्यक्ष ऐकले त्याचे नाव गाळायचे, त्याच्या वरच्या माणसाचे नाव घ्यायचे, आणि शब्द असे योजायचे की ऐकणाऱ्याला वाटावे, याने थेट वरच्याकडूनच ऐकले. 'मी ऐकले' असे म्हणायचे नाही, कारण ते उघड खोटे होईल. 'अमुक यांच्याकडून' असे मोघम म्हणायचे. वाक्य खरे असते, समजूत खोटी होते.

दुसऱ्या हिजरी शतकातले बसऱ्याचे शुअबा बिन हज्जाज तदलीसच्या बाबतीत फार कडक होते. ती त्यांना खोटेपणाची सख्खी नातेवाईक वाटे. पण सर्वांचे मत तसे नव्हते, आणि हे शास्त्र आम्हांला प्रिय आहे ते यासाठीच, की ते सरसकट फटके मारत नाही. सुफ्यान बिन उयैना यांच्यासारखे मोठे मुहद्दिसही तदलीस करत, पण ते फक्त भरवशाच्या माणसांचीच नावे गाळत, म्हणून त्यांची रिवायत मानली गेली. तदलीस करणाऱ्याला खोटारडा ठरवले नाही. फक्त एवढे ठरले की त्याने मोघम शब्द वापरला तर तिथे थांबायचे. 'मी स्वतः ऐकले' असे तो स्पष्ट म्हणेल तेव्हाच पुढे जायचे. म्हणजे शिक्षा एकच: त्याच्या शब्दाचे वजन थोडे कमी झाले.

इथे शास्त्र आणि आपला प्रश्न यांत एक फरक आहे, तो लपवणे बरे नाही. हदीसमध्ये मधला माणूस गाळला तर पुरावाच कच्चा होतो, कारण तो मधला माणूस दुबळा असू शकतो. आपण मात्र ग्रंथ स्वतः पाहिलेला असतो, पुरावा पक्का असतो. मग तदलीसचा आक्षेप इथे लागू होतो का? आम्हांला वाटते, होतो. पण तो पुराव्याबद्दल होत नाही, आपल्याबद्दल होतो. तळटीप वाचणारा केवळ वचन कुठे आहे एवढेच वाचत नाही. या लेखकाने एवढे ग्रंथ धुंडाळले, याची नजर एवढी तीक्ष्ण, हेही तो नकळत वाचतो. त्यावरून लेखकाला मान मिळतो, कधी बढती मिळते. तो मान दुसऱ्याच्या नजरेचा असतो. जाबिर (रजि.) थेट अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांच्याकडून ऐकून आले, त्यानंतर त्यांना मधल्या कोणाची गरज नव्हती. तरीही गोष्ट सांगताना ती कानावर कशी आली, मग उंट कसा घेतला, हे सर्व त्यांनी सांगितले, म्हणून तर आपल्याला ते माहीत आहे.

एवढे सगळे आम्ही मोठ्या तोऱ्यात लिहिले. आता आमची हकीकत.

2015 च्या सुमारास एका गावच्या दर्ग्याच्या मुजावरांनी आम्हांला एका जुन्या फारसी सनदेची झेरॉक्स दाखवली. दर्ग्याला दिलेल्या जमिनीची ती सनद होती. जमीन कशासाठी दिली, त्या ठिकाणी 'रोशनाई' हा शब्द होता. उर्दूत रोशनाई म्हणजे शाई. आम्ही उर्दू माध्यमाचे, शाळेत रोशनाईच्या दौतीने बोटे काळी करून घेतलेले! आम्हांला आनंदाने झोप येईना. दर्ग्याला शाईसाठी जमीन दिली, म्हणजे तिथे लेखन चाले, म्हणजे तिथे मकतब होते. गावातल्या जुन्या मकतबाचा पुरावा आमच्या हाती लागला होता. आम्ही लेख लिहायला बसलोदेखील.

सुदैवाने दोन-तीन शब्द लागत नव्हते. म्हणून फारसीचे एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना आम्ही सनदेची प्रत पाठवली आणि आमच्या मकतबाची खुशखबरही कळवली. ते मोबाइल वापरत नसत. आठ-दहा दिवसांनी त्यांचे पोस्टकार्ड आले. अडलेले शब्द त्यांनी लावून दिले होते आणि खाली लिहिले होते की बेटा, रोशनाईच्या पुढचे शब्द पाहा, ऊद आणि गुल आहेत. शाईबरोबर ऊद आणि फुले कशाला येतील? हा दिव्यांचा खर्च आहे. तुम्ही तर मराठी मुलखातले, तुमच्याकडे उरुसाला रोषणाई करतात ना?

आमचे मकतब एका पोस्टकार्डाने विझले. रोज कानांवर पडणारा मराठी शब्द आम्हांला ऐकू आला नव्हता, आणि उर्दूने आम्हांला फसवले होते.

आम्ही लेख दुरुस्त केला. तो एका लहानशा नियतकालिकात छापून आला. त्यात आम्ही असे लिहिले की वरवर पाहणाऱ्या वाचकाला येथे 'शाई' असा अर्थ वाटण्याचा संभव आहे, परंतु पुढील शब्द लक्षात घेता येथे दीपव्यवस्था हाच अर्थ घ्यावा लागतो. हे वाक्य पुन्हा वाचावे. चूक आमची होती, ती आम्ही 'वरवर पाहणाऱ्या वाचकाच्या' गळ्यात बांधली. दुरुस्ती उस्तादांची होती, ती आम्ही स्वतःच्या खिशात घातली. एका वाक्यात दोन्ही कामे केली. आणि वाक्यात खोटे काहीच नव्हते. लेखाचे कौतुक झाले ते नेमके याच जागेचे: तुम्ही शब्द किती बारकाईने पाहता!

उस्तादांना आम्ही अंक पाठवला. त्यांचे पुन्हा पोस्टकार्ड आले. लेख आवडल्याचे लिहिले होते, दुआ दिल्या होत्या. त्या वाक्याचा उल्लेख नव्हता.

पुष्कळ दिवस आम्ही स्वतःची समजूत घातली ती अशी. ज्याला इल्मची गोष्ट विचारली आणि त्याने ती लपवली, त्याच्यासाठी हदीसमध्ये कडक इशारा आहे. म्हणजे सांगणे हे त्यांचे कर्तव्यच होते, त्यांनी ते अल्लाहसाठी केले, नावासाठी नाही. नाव छापले असते तर उलट त्यांच्या इख्लासमध्ये खोट आली असती. अशी उदाहरणेही आम्ही शोधली. 1849 साली लंडनमध्ये विल्यम थॉम्स यांनी 'नोट्स अँड क्वेरीज' नावाचे साप्ताहिक काढले. अभ्यासकांनी आपापल्या शंका त्यात छापायच्या आणि इतरांनी उत्तरे द्यायची. ई-मेलवाल्यांचा तो कागदी पूर्वजच म्हणायचा. त्यात उत्तर देणारे कित्येक जण पूर्ण नाव घालत नसत; आद्याक्षरे, किंवा एखादे टोपणनाव. नाव नको असलेले दाते जगात सर्वत्र असतात.

पण ही समजूत टिकली नाही. त्या साप्ताहिकात नाव लपवले ते देणाऱ्याने. आमच्या लेखात ते लपवले घेणाऱ्याने. उस्तादांनी स्वतः 'माझे नाव नको' म्हटले असते तर ती त्यांची नम्रता झाली असती. त्यांच्या वतीने आम्ही नम्र होण्याचे कारण काय? देणाऱ्याने विसरावे आणि घेणाऱ्याने आठवावे, हा उपकाराचा रिवाज आपल्या घरात साध्या वाटीभर साखरेलाही लागू असतो. आम्ही त्यांचे विसरणे गृहीत धरले आणि आमचे आठवणे सोडून दिले.

याला आणखी एक बाजू आहे. उस्तादांच्या जागी एखाद्या विद्यापीठातले विभागप्रमुख असते, तर आम्ही त्यांचे नाव गाळले असते का? मुळीच नाही. पहिल्याच परिच्छेदात, सर्व पदव्यांसह घातले असते. त्यांचे नाव लेखाला वजन देणारे ठरले असते. ज्याच्या नावाने आपले वजन वाढते त्याचे आभार मानायला आपण विसरत नाही. पश्चिमेच्या त्या ई-मेल मंडळांतही सहकारी म्हणजे कोण, हे बऱ्याच अंशी तारेने ठरवले होते. ज्याच्या विद्यापीठाला जोडणी, तो सहकारी. आपल्याकडे 'अर्नेट' 1986 मध्ये सुरू झाले ते मुख्यतः विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मोठ्या संस्थांसाठी, आणि सामान्य माणसासाठी इंटरनेट आले ते 15 ऑगस्ट 1995 ला. मुंबईच्या जामा मशिदीच्या कुतुबखान्यात किंवा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आयुष्यभर फारसी हस्तलिखिते चाळलेला माणूस त्या जाळ्यात कुठून असणार? त्याला विचारायचे तर कोणीतरी त्याच्या दारात जावे लागे, आणि जाळ्यावरच्या उत्तरात तो 'येथील एका स्थानिक जाणकाराने सांगितले' एवढाच उरे. आमच्या लेखात तर तेवढाही उरला नाही.

आता लोक यंत्रालाच विचारतात. आमचे विद्यार्थीही विचारतात. ते यंत्र जे सांगते ते कोणी ना कोणी, कधी ना कधी, लिहून ठेवलेलेच असते; त्यांत कोणा चिडलेल्या पण मायाळू प्राध्यापकाने रात्री बसून एका अनोळखी विद्यार्थ्याला दिलेले उत्तरही असेल. यंत्राकडून ते बाहेर येते तेव्हा नावांची साखळी बहुतेक वेळा विरघळून गेलेली असते. आम्ही मुलांना यंत्र वापरू नका असे सांगत नाही. सांगितले तरी ऐकणार नाहीत. कोणाकडून कळले ते वहीत लिहा, एवढे सांगतो. एका मुलीने लिहिले, 'दादीकडून.' आम्ही तिला पूर्ण गुण दिले.

उस्ताद 2019 साली वारले. गेल्या वर्षी आमचे काही लेख एकत्र छापायचे ठरले, तेव्हा हा लेख पुन्हा समोर आला. ते वाक्य तसेच ठेवणे शक्य नव्हते. आम्ही त्यांच्या घरी गेलो, मुलाला सर्व हकीकत सांगितली आणि नाव छापण्याची परवानगी मागितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अब्बाने उम्रभर अपना नाम कहीं छपवाया नहीं. अब क्यों?" आमच्याकडे उत्तर होते, म्हणजे वर जे लिहिले ते सगळे होते. त्याच्यासमोर ते आमच्याच फायद्याचे वाटू लागले. मन हलके करायला आम्हांला त्यांचे नाव हवे होते, हेही खोटे नव्हते.

म्हणून या लेखातही त्यांचे नाव नाही. संग्रहातले ते वाक्य मात्र बदलले. आता तिथे असे आहे: हा शब्द आम्ही प्रथम 'शाई' असा वाचला होता. तो चुकीचा आहे हे फारसी जाणणाऱ्या एका बुजुर्ग उस्तादांनी आम्हांला पत्राने कळवले. हदीसच्या भाषेत असा बेनाव रावी 'मुबहम' म्हटला जातो. त्यामुळे सनद कमजोर राहते, पण मध्ये कोणीतरी होते हे तरी दिसते.

मुद्रिते आली तेव्हा ती घेऊन आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मुलाने ते वाक्य दोनदा वाचले. मग 'पत्राने' या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "खत नहीं था सर. पोस्टकार्ड था. पोस्टकार्डच लिहा."